मदत हवी आहे: जुन्या स्वेटरच्या बाहीचे बिनबोटी हातमोजे, अंगठ्याचं भोक नीट बसत नाही

स्वेटर हाताने विणलेला, बाही चार सुयांवरची, म्हणजे शिवण नाही. त्यामुळे शिवण उसवून अंगठ्याला जागा करणं शक्य नाही. मनगटापासून 20 सेंमीवर बाही कापली, कापलेली ओळ उसवून 44 टाके 3.25 मिमीच्या सुयांवर घेतले, दोन सुलट-दोन उलट अशी 3 सेंमी पट्टी घालून सैलसर बंद केले. इथवर उत्तम, कड लवचीक आहे.

अडचण अंगठ्याची. एक टाका कापून दोन्ही बाजूंना उसवलं, खाली 8 आणि वर 7 टाके मिळाले. दोन्ही कोपऱ्यांत 2-2 उचलून 19 केले, पहिल्या फेरीत कमी करून 16 वर आणले. तरी कोपऱ्यात वाटाण्याएवढं भोक राहतंच. उचललेले टाके पीळ देऊन विणले, थोडाच फरक पडला. मागून धाग्याने ओढून शिवलं तर भोक बुजतं, पण तिथे चुणी पडते. शिवाय अंगठा फाकवला की तळव्यावरचं कापड ताणतं.

लोकरीत ॲक्रिलिक आहे, म्हणून गरम पाण्यात आटवून दाट करता येणार नाही. शिलाई मशीन नाही. बाहीच्या वरच्या भागाची उसवलेली, वाफ देऊन सरळ केलेली लोकर भरपूर आहे. बोटं मोकळीच हवीत.

अंगठ्याचं भोक 11-12 टाक्यांचं करून कोपऱ्यांवर फेरीआड टाके घटवत न्यावेत, की वेगळी चौकोनी कळी (अंगठ्याच्या बुडाशी सैलपणासाठी जोडायचा जादा तुकडा) विणून जोडावी? कळीच, तर किती टाक्यांची?