एक दिवस लोग्रोन्योसाठी ठेवाच

स्पेनच्या उत्तरेतल्या सान सेबास्तियनमध्ये चार दिवस आणि घरच्यांपैकी दोघं शाकाहारी (अंडं चालतं), म्हणून सगळे तुम्हाला मोठी, मिशेलिन तारे मिळवलेली रेस्टॉरंटं सुचवताहेत. माझं मत वेगळं आहे. तिथलं खरं खाणं जुन्या गावातल्या बारमध्ये, उभ्यानं. एका ठिकाणी पोट भरायचं नाही; एक पिंचो (पावावर किंवा काडीवर मिळणारा छोटा पदार्थ), एक छोटा ग्लास चाकोली (तिथली हलकी पांढरी वाइन), की पुढचा बार. काउंटरवर मांडलेलं बघून भुलू नका, फळ्यावर लिहिलेले गरम पदार्थ मागवा. 'हिल्दा' मात्र काउंटरवरचीच घ्या: ऑलिव्ह, अँचोव्ही (खारवलेला छोटा मासा) आणि लोणच्यातली हिरवी मिरची एका काडीला. आपल्या जिभेला ती लगेच पटते. शाकाहारींसाठी तळून जाड मीठ भुरभुरलेल्या मिरच्या आणि बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड आम्लेट, आहे. 'ला विन्या' बारचा वरून करपवलेला चीजकेक तर सगळ्यांसाठीच.

मासे खाणाऱ्यांनी जवळच्या गेतारिया या किनाऱ्यावरच्या गावाला जावं. तिथल्या 'एल्कानो' रेस्टॉरंटात अख्खा टर्बट (एक मोठा चपटा मासा) निखाऱ्यावर भाजतात. महाग आहे, पण एकदा खावाच.

आणि रिओखा हा वाइनसाठी प्रसिद्ध प्रांत फक्त वायनरी बघून उरकू नका. तिथल्या लोग्रोन्यो शहराच्या काये लाउरेल या गल्लीत 'सोरियानो' बार आहे. तिथे एकच पदार्थ: लसणाच्या तेलात भाजलेले मशरूम पावावर रचून, वर एक कोळंबी. शाकाहारींनी 'सिन गांबा', म्हणजे कोळंबीशिवाय, असं आधीच सांगावं. जवळपास द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चॉप्स मिळाल्या तर सोडू नका. त्या धुराचा वास मला अजून आठवतो.