गॉर्गर (विल्यम्सचं बोलणारं पिनबॉल मशीन, १९७९) डिजिटलमध्ये: गोळी तरंगते, मॅग्नेट थिजवतो

काचेखाली:
व्हिज्युअल पिनबॉल १० (संगणकावर पिनबॉल टेबल बनवायचा प्रोग्रॅम) मध्ये गॉर्गर बनवतोय. वरून काढलेल्या फोटोवर पोस्ट (रबर अडकवायचे खुंट), रबर, टार्गेट बसवलेत. रॉम (मूळ मशीनच्या चिपमधला प्रोग्रॅम) व्हीपिनमेम या एम्युलेटरवर चालतो. पण उतार ६ ते ६.५ अंश असायला हवा तिथे कमाल उताराच्या खान्यात ६.५ देऊनही गोळी तरंगल्यासारखी येते. फ्लिपर (गोळी परत वर मारणारा दांडा) मारला की मात्र तोफगोळा. खड्ड्यातला मॅग्नेट गोळीला जागीच थिजवतो, थरथर अजिबात नाही. शिवाय बंपरचा (गोळी लागताच तिला उडवणाऱ्या गोल खांबाचा) आवाज दोनदा येतो. सुरुवात कुठून करू?

जुनी_रिले:
मापापासून. माप चुकलं असेल तर बाकीचे आकडे फिरवण्यात अर्थ नाही.

या प्रोग्रॅममध्ये गोळीचा व्यास ५० एकक, खऱ्या गोळीचा १ १/१६ इंच (२७ मिमी). म्हणजे एका इंचाला ४७.०६ एकक. त्या काळातलं विल्यम्सचं नेहमीचं प्लेफिल्ड (गोळी फिरते तो फळा) २०¼ × ४२ इंच, म्हणून टेबल ९५३ × १९७६ हवं. नव्वदीतल्या मशीनचा साचा उचलला असेल तर तो ४६ इंची, म्हणजे सुमारे २१६५. त्यावर फोटो ताणला की टेबल साडेनऊ टक्के लांबतं, गोलाचे अंडाकार होतात आणि गोळीला जास्त अंतर कापावं लागतं.

फोटोचा दुसरा घोळ: प्लॅस्टिकचे तुकडे प्लेफिल्डच्या वर उचललेले असतात, त्यामुळे कडेचे सगळे बाहेर सरकलेले दिसतात. पोस्ट त्यांच्या कडेवरून बसवू नका, बुडाच्या भोकावरून बसवा. सुटं प्लेफिल्ड मिळालं तर फ्लॅटबेड स्कॅनरच घ्या, तोही सीसीडी. पातळ, स्वस्त सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतो; खाली दबलेले इन्सर्ट (फळ्यात बसवलेले दिव्यांचे प्लॅस्टिक तुकडे) धूसर येतात. ३०० डीपीआयला पूर्ण चित्र ६०७५ × १२६०० पिक्सेल होतं. जोडून झाल्यावर लहान करा, नाहीतर ग्राफिक्स कार्ड रडेल.

उतार_साडेसहा:
उताराची खोच वेगळी आहे. तिथे किमान आणि कमाल असे दोन खाने आहेत आणि प्रत्यक्ष उतार डिफिकल्टीच्या सेटिंगनुसार दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. किमान ४, कमाल ६.५ आणि डिफिकल्टी २० टक्के असेल तर मिळतो ४.५. दोन्ही खान्यांत ६.५ भरा.

फ्लिपरची स्ट्रेंग्थ या पिढीला १४०० ते १६०० पुरते. ३२०० च्या आसपासचे आकडे खूप नंतरच्या मशीनचे. मास १ च ठेवा. आणि रबराचा फॉलऑफ (टोल्याच्या जोरानुसार उसळी घटण्याचं प्रमाण) शून्य ठेवू नका: खरं रबर जोराच्या टोल्याला प्रमाणात कमी उसळतं. तो शून्य असला की गोळी पिंगपाँगच्या चेंडूसारखी वागते.

जुनी_रिले:
आता मॅग्नेट. स्क्रिप्टमधल्या तयार मॅग्नेटला ग्रॅब-सेंटर चालू असेल तर गोळी केंद्रापासून २० एककांच्या आत येताच तिचा वेग शून्य करून तिला मध्यावर ठेवलं जातं. थिजते ती त्यामुळे. ते बंद करा, ताकद १० पासून दोन-दोनने वाढवत न्या आणि ट्रिगरचा (ज्या भागात गोळी आली की मॅग्नेट ओढतो त्याचा) घेर खड्ड्याएवढाच ठेवा. घेर मोठा झाला तर बाजूने जाणारी गोळीही ओढली जाते.

बंपरचं कारण हार्डवेअरमध्ये आहे. या मशीनमध्ये बंपर आणि स्लिंगशॉटची (फ्लिपरच्या वरच्या, गोळी उडवणाऱ्या त्रिकोणांची) कॉइल स्विच दाबताच थेट उडते, प्रोसेसरची वाट पाहत नाही. त्याच्याकडे फक्त गुण मोजायचं काम. म्हणून उसळी आणि आवाज टेबलातल्या बंपरलाच करू द्या आणि रॉमला फक्त स्विचची पल्स पाठवा. सोलेनॉइडच्या कॉलबॅकलाही (रॉमने कॉइल उडवली की चालणाऱ्या स्क्रिप्टच्या तुकड्यालाही) आवाज जोडला असणार, तो काढा.

काचेखाली:
माप २१६० निघालं! उतार आणि बंपर जमले. आता नवंच: हृदयाचे ठोके ऐकू येतात, पण गॉर्गर बोलत नाही.

उतार_साडेसहा:
बोलण्याच्या चिप्स वेगळ्या बोर्डावर होत्या, त्यामुळे त्यांच्या फाइली ध्वनीच्या फाइलींपासून वेगळ्या. तुमच्या झिपमध्ये त्या नसतील. पूर्ण संच रॉम फोल्डरमध्ये झिप न उघडता ठेवा. एकूण सातच शब्द आहेत, सगळे वाजतात का ते मोजून पाहा. आणि नवा संच पहिल्यांदा चालू करताना खेळ सुरू न होता डिस्प्लेवर नुसतेच आकडे दिसले तर घाबरू नका, एफ३ दाबून रीसेट करा.