महापालिकेचं मतदान : तुमच्या गल्लीतून किती जण गेले?

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ सालच्या. दोन्हीकडे २०१८ नंतरचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. २०२३ मध्ये मुदत संपली तेव्हापासून प्रशासक होते, नळाला पाणी आलं नाही तर कोणाच्या दारात जायचं तेच कळत नव्हतं. एवढं सोसल्यावर आमच्या कॉलनीत मतदानाला रांग लागेल असं मला वाटलं होतं. मतदान नेमकं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं आणि दोन सुट्ट्या जोडून अर्धी कॉलनी गावाला गेली.

आदल्या आठवड्यात एका उमेदवाराचा कार्यकर्ता आमच्या ओट्यावर बसून यादी चाळत होता. नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा. आमच्या ओळीतल्या सहा घरांपुढे ‘बाहेर’ लिहिलेलं. त्या घरांची बेलसुद्धा त्यानं वाजवली नाही. आमचा खुला भूखंड कोणाच्या घशात जातोय हे विचारायला हीच सहा घरं सगळ्यात पुढे असतात. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा.
(पिंप्राळा, जळगाव)

निवृत्त शिक्षक आहे. डिसेंबर २०१८ ला धुळ्यात केंद्रावर ड्युटी होती. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं. चारही दिल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. एक आजी एकच बटण दाबून निघाल्या. म्हटलं, “आजी, अजून तीन बाकी आहेत.” त्या म्हणाल्या, “मना माणूस एकच शे.” बाकीच्या ठिकाणी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबता येतं हे समजावून सांगेपर्यंत मागची रांग कुरकुरायला लागली. पॅनेल छापून घरोघर चिठ्ठ्या वाटणाऱ्यांचं इथेच फावतं. माणूस एकाला ओळखतो आणि उरलेली तीन बटणं चिठ्ठी बघून दाबतो.
(देवपूर, धुळे)

मी गाळेधारक. आमच्याबद्दल ‘लॉबी’ हा शब्द वापरतात, तो लागतो मनाला. २०१२ ला जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत संपली, तेव्हापासून भाडं, थकबाकी, नूतनीकरण ही टांगती तलवार डोक्यावर आहे. प्रश्न पोटाचा आहे. म्हणून आम्ही प्रत्येक उमेदवाराला बोलावतो, सगळ्यांसमोर विचारतो आणि सकाळी अकराच्या आत दुकानातल्या पोरांसकट मतदान उरकतो. पाण्यासाठी, गटारीसाठी कॉलनीवाल्यांनी असं एकदा तरी केलंय का?
(जळगाव)

वरच्या भाऊंचं पटलं. तरी एक सांगते. आमच्याकडे हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचे डबे आले, झाकणावर उमेदवाराच्या नावाचं स्टिकर. खर्च कोणाचा, तर ज्याचं प्रभागातल्या रस्त्यांच्या टेंडरवर लक्ष आहे त्याचा, असं बायकाच बोलत होत्या. मी डबा परत केला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
(जळगाव)

नाव दुसऱ्याच प्रभागात गेलं. विधानसभेचीच यादी फोडून प्रभागाच्या याद्या करतात, त्यात आमची इमारत नाल्यापलीकडे गेली. हरकतीची मुदत कधी होती, कळलंच नाही. मी रिक्षा करून गेलो, वडील नाही गेले.
(साक्री रोड, धुळे)

मूळ अमळनेर तालुक्यातला, तीस वर्षं सुरतेत. इथेही एका वॉर्डात चार जण, ३० वॉर्डांचे एकूण १२० नगरसेवक. फेब्रुवारी २०२१ ला रविवारी मतदान होतं. लिंबायत-उधना भागात आपली खान्देशी माणसं भरपूर. उमेदवार घरी फिरकला नाही, समाजाच्या प्रमुखांकडे बसून चहा घेतला. समाजाच्या वाडीला, म्हणजे कार्यक्रमांच्या जागेला, शेड देतो म्हणाला आणि आमची मतं ठरली! शेड झालं. माझ्या गल्लीतलं ड्रेनेज अजून तुंबतंय, कारण ते कोणी मागितलंच नव्हतं.
(सुरत)

धागा काढणारीच पुन्हा लिहितेय. मतदानाच्या दिवशी चार वाजता आम्ही तिघी निघालो. साडेपाचला केंद्र बंद होणार होतं. ज्या घरांत कोणी होतं, तिथली बेल वाजवली. अकरा जण आले. एका काकांनी चप्पल घालता घालता विचारलं, “तुम्ही कोणाकडून?” मी म्हटलं, “चोवीस नंबरच्या घराकडून.”
(पिंप्राळा, जळगाव)