गुडघा बदलल्यावरचं दुखणं आणि गोळ्या: तुमचे अनुभव सांगा

आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलून आज नववा दिवस, ऑपरेशन पुण्यात झालं, टाके छान आहेत, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते. प्रश्न गोळ्यांचा आहे. ती गोळी घ्यायलाच तयार नाही, म्हणते सवय लागेल, किडनी जाईल, आणि दुपारची गोळी उशीखाली ठेवून देते. मग रात्री अडीच-तीनला दुखणं इतकं वाढतं की अक्षरशः रडते, तेव्हा गोळी दिली तरी तासभर काही फरक पडत नाही आणि सकाळी फिजिओवाले आले की पाय हलवू देत नाही. काल ७० डिग्रीच्या पुढे गुडघा वाकलाच नाही. ज्यांनी हे स्वतः काढलंय किंवा घरात कोणाचं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, तुम्ही गोळ्यांचं कसं जमवलंत?

*

ताई, मी ६६ वर्षांची, नाशिक, दोन्ही गुडघे झालेत, मध्ये पाच महिन्यांचं अंतर. पहिल्या वेळी मी तुमच्या आईसारखंच केलं. ऑपरेशनच्या संध्याकाळी मला उभं केलं तेव्हा काहीच दुखत नव्हतं, मी बहिणीला फोन करून सांगितलं की लोक उगाच घाबरवतात. ते ब्लॉकमुळे होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मांडीत इंजेक्शन देऊन नस बधिर करतात ते. दुसऱ्या रात्री त्याचा असर उतरला आणि मग जे सुरू झालं ते बाळंतपणातही सोसलं नव्हतं. आणि मी हट्टाने गोळ्या चुकवत होते त्यामुळे पहिले तीन आठवडे झोप नाही, व्यायाम नाही, गुडघा ९० पर्यंत यायला दीड महिना लागला.

दुसऱ्या वेळी सर्जनने नीट बसवून सांगितलं की दुखणं चढल्यावर गोळी घेऊ नका, चढायच्या आधी घ्या, घड्याळ बघून. मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला तक्ता केला, सकाळी ६, दुपारी २, रात्री १०, घेतली की बरोबरची खूण. फिजिओ अकराला यायचे तर जास्तीची जी गोळी होती ती सव्वादहाला घ्यायची, पोटात काहीतरी घालून. तीच मी, तोच सर्जन, पण १२व्या दिवशी ९० डिग्री. सवय वगैरे काही लागली नाही, तिसऱ्या आठवड्यात स्ट्राँग गोळी आधी दुपारची बंद केली, मग सकाळची, रात्रीची सगळ्यात शेवटी. रात्रीचं दुखणं मात्र जवळजवळ अडीच महिने होतं, ते आईंना आत्ताच सांगून ठेवा म्हणजे धीर सुटणार नाही.

*

डोंबिवलीहून. वरच्या ताईंचं पटलं पण आमच्याकडे उलटं झालं, बाबा गोळ्या जास्त घेत होते आणि आम्हाला कळलंच नाही. डिस्चार्ज पेपरवर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि फार दुखलं तर ट्रॅमाडॉलची (अफूच्या जातीचं स्ट्राँग पेनकिलर) एक गोळी. त्या ट्रॅमाडॉलच्या गोळीतच ३२५ पॅरासिटामॉल असतं हे आम्हाला काय माहीत, बाबा ती दिवसाला चार घेत होते. त्यात सर्दी झाली म्हणून घरच्या डब्यातली सर्दीची गोळी दोनदा, तिच्यातही ५००. कोपऱ्यावरच्या केमिस्टने कागदावर बेरीज करून दाखवली, १९५० अधिक १३०० अधिक १०००, म्हणजे ४२५०. मोठ्या माणसाला २४ तासात ४००० च्या वर जाऊ नये आणि वयस्कर, वजन कमी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. घाबरून त्याच दिवशी लिव्हरची टेस्ट केली, नशिबाने नॉर्मल आली. गोळीचं नाव वाचू नका, स्ट्रिपच्या मागे आत काय काय आहे ते वाचा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

*

कोल्हापूर. मी १४ वर्षं ऑर्थो वॉर्डला सिस्टर आहे. ताई, आईंची किडनीची भीती अगदीच खोटी नाही. सुज उतरवणाऱ्या ज्या पेनकिलर असतात, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब, त्या किडनीला आणि पोटाला त्रास देऊ शकतात, म्हणून त्या ठरलेल्या दिवसांपुरत्याच असतात आणि सोबत ॲसिडिटीची गोळी असते. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) जास्त असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल (गुडघ्यानंतर बहुतेकांना असतेच) तर त्या मनाने वाढवायच्या नाहीत. पण पॅरासिटामॉल बेताने घेतलं तर किडनीला जपून असतं, ते आईंना समजावा, सगळ्या गोळ्या एकाच माळेच्या नाहीत.

आणि पोट साफ होतंय का बघा. ट्रॅमाडॉलने मलावरोध होतो, पेशंट लाजेने सांगत नाही, चौथ्या दिवशी पोट फुगतं, जेवण बंद होतं आणि मग गोळीच नको म्हणतात. गोळी सुरू झाली त्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांना विचारून घ्यायचं, भरपूर पाणी. म्हातारी माणसं कधी कधी असंबद्ध बोलायला लागतात, तेही लगेच कळवा, डिप्रेशनची किंवा फिटची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. २०१८ पासून ट्रॅमाडॉल नार्कोटिक्स कायद्यात आलंय, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा शनिवारीच स्ट्रिप मोजून ठेवा.

एकच गोष्ट गोळीने दाबू नका: पोटरी अचानक दुखणं-सुजणं, दम लागणं, किंवा कमी होत आलेलं दुखणं ताप येऊन परत वाढणं, टाक्यातून पाणी येणं. तेव्हा थेट हॉस्पिटल.

*

मडगाव. सासूबाईंना ट्रॅमाडॉलने उलट्याच उलट्या, शेवटी डॉक्टरांनी दुखण्याच्या औषधाचा सात दिवसांचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावला दंडावर. दोन दिवस मस्त गेले. तिसऱ्या दिवशी खांदा आखडला म्हणून त्यांनी गरम पाण्याची पिशवी त्याच दंडाखाली घेऊन झोप काढली, उठवलं तर डोळे उघडेनात, बोलणं जड. पॅचवर उष्णता लागली की औषध भराभर अंगात जातं. मी पॅच काढला आणि सरळ कॅज्युअल्टी गाठली, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी ठीक झाल्या. आजही तो प्रसंग आठवला की पोटात गोळा येतो. पॅच असेल तर पिशवी, हिटिंग पॅड, कडक उन्हात बसणं काही नको.

*

माझं क्रिएटिनिन १.८, त्यामुळे सुजेवरची गोळी मला बंदच होती, फक्त पॅरासिटामॉल आणि रात्री थोडे दिवस प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी). मला बर्फाने तारलं. पंच्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, व्यायाम झाला की हमखास, आणि पाय छातीपेक्षा वर. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही, बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली घेतली तर पाय सरळ व्हायचा राहतो. प्रेगाबालिनने सुरुवातीला झोकांडी जायची, रात्री उठताना कोणीतरी सोबत हवंच.

*

न्यू जर्सीहून. इकडे आईला ऑक्सिकोडोनच्या (अफूच्या जातीचं स्ट्राँग पेनकिलर) मोजून गोळ्या दिल्या, सोबत नॅलोक्सोनचा स्प्रे (त्या गोळ्या जास्त झाल्या तर असर उतरवणारा), तो बघूनच ती घाबरली. तिला आठ दिवसच लागल्या, उरलेल्या फार्मसीत नको असलेली औषधं टाकायचा डबा असतो त्यात टाकून आले. इकडे ॲसिटामिनोफेन लिहितात ते म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, आई भारतातून आणलेली पट्टी वेगळं औषध समजून वर घेत होती. डोंबिवलीचा अनुभव वाचून अंगावर काटा आला.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता फ्रिजवर लावलाय, सिस्टरताईंचा किडनीचा भाग आईला वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला तिने. सर्जनना फोन करून वेळा बदलून घेतल्या, काल रात्री सलग चार तास झोपली, आज ७८ डिग्री. अजून एक, टाक्याच्या बाहेरच्या बाजूला तिला हात लावलेला कळत नाही म्हणते, हे कोणाला झालंय का?

*

नाशिक परत. मला दोन्हीकडे झालंय, तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. पहिल्या गुडघ्याला वर्ष होऊन गेलं, बधिर भाग तळहाताएवढा होता तो आता सुपारीएवढा राहिलाय. पुढच्या व्हिजिटला दाखवा, पण त्यासाठी गोळी लागत नाही.