पानं नसलेली आमरी (किलोस्किस्टा): मुळं कुजतायत की नुसती थांबलीत?

नमस्कार मंडळी,

सव्वा वर्षापासून माझ्याकडे किलोस्किस्टा या आमरीचं (ऑर्किडचं) एक रोप आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: पानं नाहीत, कंद नाही, खोड म्हणाल तर मधोमध हरभऱ्याएवढी गाठ. बाकी सगळी चपटी राखाडी मुळं, कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली. येणारा-जाणारा विचारतो, "हे वाळकं काय टांगलंय?" पाणी फवारलं की मात्र बघता बघता मुळं हिरवी होतात आणि त्या हिरव्यावर बारीक पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. पहिल्यांदा मी त्यांना कीड समजून कापसाने पुसत बसले होते! ती मुळांची हवा खेळायची जागा, हे नंतर कळलं.

लेबलवर जात 'लुनिफेरा' लिहिलीय. पण गेल्या वसंतात फुलं आली ती पिवळी, तपकिरी ठिपक्यांची, जेमतेम सेंटीमीटरभर. लुनिफेराची फुलं तांबूस-तपकिरी आणि कडेला पिवळी असतात ना? म्हणून मी हिला पॅरिशाय ही दुसरी जात समजतेय. चुकत असेन तर सांगा.

आता अडचण. रोप सालीच्या तुकड्यावर फिशिंग लाइनने बांधलंय आणि ओल टिकावी म्हणून मुळांखाली स्पॅग्नम मॉसची (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाची) गादी दिलीय. महिनाभरात मॉसला टेकलेली मुळं तपकिरी पडली. चिमटीत धरलं तर वरचं आवरण सुटून येतं आणि आतला दोरा तेवढा राहतो. उघडी मुळं घट्ट आहेत, पण त्यांची हिरवी टोकं दिसेनाशी झालीत, पार टोकापर्यंत राखाडी. पाणी रोज संध्याकाळी देते, सकाळी वेळच मिळत नाही. खत पंधरा दिवसांनी, 20-20-20 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), पाकिटावर लिहिलंय त्याच्या पावपट.

त्यात भर म्हणजे फुलांचा नवा दांडा निघतोय. मॉस आत्ता काढू की फुलं होऊन जाऊ देत? आणि टोकं झाकली म्हणजे मुळं मेली का?

प्रतिसाद

आत्ताच काढा. दोरा हातात येतोय म्हणजे ते मूळ गेलं, मऊ भाग निर्जंतुक कात्रीने कापून टाका. घट्ट मुळांची काळजी नको. वाढ थांबली की टोक असंच झाकलं जातं, पुन्हा ऊब आणि ओल मिळाली की हिरवं टोक बाहेर येईल.

खरी गोची संध्याकाळच्या पाण्यात आहे. या झाडाला पानं नाहीत, तेव्हा पानांचं काम मुळंच करतात. किलोस्किस्टाच्याच युस्निऑइडिस जातीवर 1985 मध्ये अभ्यास झाला होता: ती कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेते, आणि तोही मुळांतूनच. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण रात्रभर पाण्याने भरलेलं राहिलं तर हवा आत शिरणार कुठून? सकाळी भरपूर भिजवा, तासा-दोन तासांत मुळं पुन्हा राखाडी दिसली पाहिजेत. उघडी साल, हलता वारा, गाळून आलेला उजेड, बस. फुलांवरून तरी पॅरिशायच वाटतेय.

आणि हो, पावसाळी हवेत क्वचित एखाददुसरं इवलंसं पान येतं आणि गळून जातं. घाबरू नका.

धागाकर्ती

धन्यवाद! काल मॉस काढला. खालून आंबूस वास येत होता. चौदापैकी पाच मुळं कापावी लागली, नऊ घट्ट आहेत. गजर अर्धा तास अलीकडे आणलाय, आज सकाळी भिजवलेली मुळं मी निघेपर्यंत राखाडी झाली होती. एवढी मुळं गेल्यावर दांडाही कापावा, असं एका मैत्रिणीचं म्हणणं आहे. त्यावर सात कळ्या मोजल्यात, हात धजत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?