यशात नशीब किती आणि मेहनत किती, हे मोजायचं कसं?

शंकेखोर
‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणारे आणि ‘नशिबापुढे कुणाचं चालत नाही’ म्हणणारे, दोन्ही बाजूंचे दाखले ऐकून झालेत. मला प्रश्न व्यवहाराचा पडलाय. एखाद्या क्षेत्रात नशिबाचा वाटा मोठा आहे की लहान, हे ओळखायची काही रीत आहे का? आणि ते कळलं तर वागण्यात नेमका काय फरक करायचा? शक्यतो आकडे आणि पद्धत सांगा.

आकडेमोड
आधी ‘70 टक्के मेहनत, 30 टक्के नशीब’ ही भाषा सोडा. नशिबाचा वाटा प्रत्येक क्षेत्रात वेगळा असतो, आणि त्याच क्षेत्रात स्पर्धक किती आहेत त्यावरही तो बदलतो. हे एक्सेलमध्ये दहा मिनिटांत बघता येतं.

पहिल्या रकान्यात कौशल्य आणि मेहनत मिळून 0 ते 95 मधला कुठलाही आकडा, दुसऱ्यात नशीब म्हणून 0 ते 5 मधला. दोन्ही रँड फंक्शनने (RAND, म्हणजे आपोआप कुठलाही आकडा काढणारं सूत्र) काढा. तिसऱ्या रकान्यात बेरीज. अशा 10,000 ओळी करा आणि बेरजेनुसार उतरती क्रमवारी लावा. एक खबरदारी: सॉर्ट करण्याआधी सगळे आकडे कॉपी करून ‘फक्त मूल्यं’ म्हणून पेस्ट करा. नाहीतर सॉर्ट केल्याबरोबर रँड नवे आकडे देतं आणि क्रमवारी पार विस्कटते.

नशिबाला इथे फक्त 5 गुण आहेत. तरी पहिला आलेल्याचं नशीब जवळजवळ प्रत्येक वेळी साडेचारच्या वर निघेल. कौशल्यात तो सहसा पहिल्या पन्नासात असतो, पण पहिला क्वचितच. कारण सोपं आहे. दहा हजारांच्या गर्दीत वरच्या टोकाला कौशल्याचे गुण इतके चिकटलेले असतात की शेजारच्या दोघांमधला फरक साधारण 0.01 एवढाच उरतो. तिथे नशिबाचे दोन गुणसुद्धा डोंगराएवढे ठरतात.

आता हेच फक्त 10 ओळींवर करा. दहापैकी सुमारे नऊ वेळा सर्वांत कुशल माणूसच पहिला येईल. सूत्र तेच, नशिबाचे गुण तेच, बदलली फक्त गर्दी. म्हणून जिथे लाखो उमेदवार आणि मूठभर जागा आहेत तिथे निवड झालेला लायक असतोच, पण निवड न झालेल्यांतही तेवढेच लायक पुष्कळ असतात. अपयशावरून स्वतःची लायकी ठरवण्याआधी एवढा हिशेब करावाच.

पडताळा
वरचं बरोबर आहे. ओळखायच्या दोन कसोट्या मी देतो.

एक: ठरवून हरता येतं का? बुद्धिबळात वाटेल तेव्हा हरता येतं, म्हणजे निकालावर आपला ताबा आहे. लॉटरीत मनात आणूनही हरता येत नाही. बहुतेक कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

दोन: निकाल टिकतात का? एका कालखंडात वरच्या दहात असलेल्यांपैकी पुढच्या कालखंडात किती जण तिथेच राहिले ते मोजा. दोन कालखंडांतला सहसंबंध (दोन्ही वेळचे निकाल किती जुळतात तो आकडा; 0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.3 असेल, तर सरासरीपेक्षा 20 गुण वर असलेला माणूस पुढच्या खेपेला सरासरीपेक्षा 6 गुण वर राहील एवढीच अपेक्षा धरायची. उरलेले 14 गुण त्या खेपेच्या योगायोगाचे होते.

यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं. हे माहीत नसलं की शिकवणाऱ्यांची मोठी फसगत होते. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांना इस्रायली हवाई दलाचे प्रशिक्षक सांगत, की कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि ओरडलं की सुधारतं. खरं तर फार चांगल्या आणि फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण तसंही सरासरीकडेच येणार होतं. ओरडण्याचं श्रेय फुकटचं.

मूळ मुद्दा
मला दोघांशी थोडा वाद घालायचा आहे. तुमच्या मांडणीत नशीब शेवटी येतं, जणू ते निकालाच्या दिवशीच हजर होतं. ते मेहनतीच्याही आधी असतं. कॅनडातल्या आइस हॉकीत वयोगट 1 जानेवारीपासून धरत. 1985 च्या अभ्यासात दिसलं की वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले बरेच जास्त आहेत. जानेवारीतलं मूल डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, म्हणून लहानपणी निवडलं जातं. मग त्याला जास्त सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि काही वर्षांनी ते खरोखरच सरस होतं. त्याची मेहनत खोटी नाही. पण मेहनत करायची जागा त्याला जन्मतारखेने मिळाली.

दुसरं उदाहरण 2006 च्या संगीत प्रयोगाचं. अनोळखी बँडची 48 गाणी होती आणि ऐकणारे 14,000 च्या वर. त्यांना वेगवेगळ्या गटांत वाटलं. काही गटांत आधीच्यांनी कोणती गाणी किती वेळा डाउनलोड केली ते दिसत होतं. अशा प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या थोड्या डाउनलोडनी पुढचा ओघ ठरवला. जिथे लोक एकमेकांकडे बघून निवडतात, तिथे उत्तम असणं ही प्रवेशाची अट आहे, निकालाची हमी नाही.

आकडेमोड
मान्य, आणि ही भर हवीच होती. आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वागण्यात काय बदलायचं.

नशिबाचा वाटा मोठा असेल तिथे प्रयत्नांची संख्या सर्वांत महत्त्वाची. एका प्रयत्नात यशाची शक्यता 5 टक्के धरली, तर 10 प्रयत्नांत निदान एकदा यश मिळण्याची शक्यता 40 टक्के, 20 मध्ये 64 आणि 45 मध्ये 90. कौशल्य वाढवून तीच शक्यता 10 टक्क्यांवर नेली, तर 20 प्रयत्नांतच 88. म्हणजे मेहनत दोन ठिकाणी लागते: शक्यता वाढवायला आणि पुन्हा पुन्हा उतरायला.

गडबड होते ती दोन जागी. पहिली, प्रयत्न खरोखर वेगळे नसतात. तोच मसुदा, तेच दोष, त्याच प्रकारचे वीस परीक्षक, तर ते वीस प्रयत्न नव्हेत, फार तर दोन-तीन. दुसरी, एकाच प्रयत्नात फार ओतलं जातं. जमवलेल्या पैशाचा आणि वेळेचा तिसरा हिस्सा एका खेपेत गेला तर तीनच खेपा मिळतात, आणि 5 टक्क्यांच्या हिशेबाने एकदा तरी जमण्याची शक्यता 14 टक्के. तेच वीस भागांत वाटलं तर 64. पण वाटतानाही तारतम्य हवं. भाग इतके बारीक केले की प्रत्येक प्रयत्न अर्धवट होऊन शक्यता 1 टक्क्यावर आली, तर वीस खेपांचीही बेरीज 18 टक्केच.

पडताळा
यासोबत निर्णयांची वही ठेवा. निकाल लागण्याआधी लिहायचं: तारीख, निर्णय, तीन कारणं, यशाची शक्यता टक्क्यांत, आणि कोणती माहिती हाताशी नव्हती. ‘बहुतेक जमेल’ असं लिहू नका, नंतर त्याचा कसाही अर्थ लावता येतो. ‘70 टक्के’ लिहा. निकालानंतर जुनी नोंद खोडायची नाही.

मग 70 टक्के दिलेल्या नोंदी वेगळ्या काढा. दहापैकी 5 ते 9 खऱ्या ठरल्या तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, एवढा चढउतार योगायोगानेही होतो. पन्नास नोंदी झाल्यावर मात्र 29 पेक्षा कमी खऱ्या निघाल्या, तर तुमचा अंदाज अतिआत्मविश्वासाचा आहे असं समजा. निर्णय चुकीचा आणि निकाल चांगला, अशा नोंदींवर खूण करून ठेवा. सगळ्यात धोकादायक त्याच असतात, कारण चुकीची पद्धत त्यांच्यामुळे पक्की होते.

शंकेखोर
फार उपयोगी. एकच राहिलं: थांबायचं कधी? वीस वेळा अपयश आलं तर ते दुर्दैव समजायचं की मार्गच चुकला असं?

आकडेमोड
त्यासाठी एक ठोकताळा आहे. ओळीने केलेल्या प्रयत्नांत एकही यश नसेल, तर खरी शक्यता बहुधा 3 भागिले प्रयत्नांची संख्या यापेक्षा कमी आहे. वीस अपयशं म्हणजे 15 टक्क्यांच्या आत, तीस म्हणजे 10 च्या आत. सुरुवातीलाच तुम्ही 5 टक्के धरले असतील, तर वीस अपयशं येण्याची शक्यता 36 टक्के असते, त्यामुळे त्यात काही वावगं नाही, चालू ठेवा. 20 टक्के धरले असतील तर तेवढी अपयशं फक्त 1 टक्का वेळा येतील, म्हणजे तुमचा अंदाज किंवा पद्धत चुकली आहे. आणि मध्येच पद्धत बदलली असेल, तर मोजणी तिथून पुन्हा शून्यापासून.