तरुण मुस्लिमांची ओढाताण : पाश्चात्त्य राहणीमुळे की आपल्याच रूढींमुळे?

राजारामपुरीकर :

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोल्हापूर सोडून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुस्लिम मुलामुलींविषयी आपल्या घरांत एकच काळजी वारंवार बोलून दाखवली जाते : मुले पाश्चात्त्य वळणावर चालली आहेत आणि दीन, म्हणजे धर्म, हातचा सुटतो आहे. ही काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कंपनीच्या पार्टीत सगळ्यांच्या हाती पेले असताना आपण सरबत घेऊन उभे राहायचे, साहेबांची बैठक नेमकी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी लागायची, सुट्टीत घरी आल्यावर आपल्या राहणीतील निम्म्या गोष्टी अब्बांपासून लपवायच्या, या सगळ्यातून मी गेलो आहे. तरीही माझे स्पष्ट मत आहे की या कोंडीचे मूळ पश्चिमेत नाही. आपण रूढीलाच धर्म म्हणत आलो, आणि मुलांनी धर्म वाचून त्या रूढीला प्रश्न विचारला की त्यांना बाहेरची हवा लागली असे म्हणून मोकळे होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यात एक निकाह झाला. वधूची संमती विचारणारा वकील (हा कोर्टातला नव्हे) आणि दोन साक्षीदार वधूच्या खोलीत गेले, तेव्हा आत बायकांची दाटी होती आणि कॅमेरावाला पलंगावर चढला होता. मुलाचे नाव आणि मेहरची, म्हणजे नवऱ्याने वधूला द्यायची, रक्कम वाचून दाखवून तिला विचारण्यात आले. ती खाली मान घालून हुंदके देत होती. शेजारी बसलेल्या मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवून "कबूल म्हणते आहे" असे परस्पर सांगून टाकले, कागद पुढे सरकला आणि सही झाली. मेहर किती ठरली हे त्या मुलीने त्या क्षणी पहिल्यांदा ऐकले. त्याच वेळी हॉलच्या मागच्या दाराशी टेम्पोत फ्रिज, कपाट आणि शिलाई यंत्र चढवले जात होते.

कुराणातील सूरह (अध्याय) अन-निसाच्या चौथ्या आयतीत स्त्रियांना त्यांची मेहर खुशीने द्या असे सांगितले आहे. आपल्याकडील बहुतेक लोक ज्या हनफी मताने (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका परंपरेने) चालतात, त्यात सज्ञान मुलीच्या मर्जीविरुद्ध तिचा निकाह होऊ शकत नाही. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून मुद्दाम वगळले आहे, मुलीबरोबर सासरी पाठवायच्या सामानाला, म्हणजे जहेजला, अशी सूट नाही. म्हणजे मेहरला धर्माचा आदेश आणि कायद्याची मान्यता असूनही ती कागदावर राहते, आणि जहेज मात्र टेम्पो भरून जाते. हीच मुलगी उद्या "मला आधी मुलाशी बोलायचे आहे" असे म्हणाली, तर तिला पाश्चात्त्य ठरवले जाईल. हे मला सहन होत नाही आणि म्हणून हा विषय मांडतो आहे.

सदर बाजारचा रहिवासी :

सलाम. जहेजबद्दल तुम्ही लिहिलेत ते शंभर टक्के मान्य. आमच्या मशिदीत जुम्म्याच्या बयानात हे अनेकदा सांगितले जाते आणि लोक ऐकून घरी जातात, हे दुर्दैव आहे. परंतु तुम्ही आपल्या मताला सोयीचे उदाहरण निवडले आहे. नमाज सुटली, रोजे सुटले, मुलगा मुलीबरोबर निकाहाशिवाय एकाच घरात राहू लागला, ही रूढीविरुद्धची तक्रार आहे काय? हे सरळ सरळ धर्माच्या आज्ञेबाहेर जाणे आहे, आणि त्याला दुसरे नाव देता येणार नाही.

दुसरे म्हणजे, रूढीला तुम्ही इतके हलके लेखू नका. आमच्या पिढीने दीन पुस्तकातून घेतला नाही. आजीच्या हाताने अलिफ-बे गिरवली, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना पाहून नमाजाच्या रांगेत, सफमध्ये, उभे राहायला शिकलो. मोहरममध्ये बाबूजमाल दर्ग्याच्या पंजाला हिंदू-मुस्लिम मिळून मान देतात, हीही रूढीच आहे आणि तिने या शहरात आम्हाला आपले करून ठेवले. आता मुले मोबाइलवर दूरदेशीच्या वक्त्यांची भाषणे ऐकतात, आणि ज्याने कोल्हापूर कधी पाहिले नाही असा माणूस आमचा पंजा, आमचा उरूस, आमची फातिहा सगळे बिदअत, म्हणजे धर्मात नंतर घुसवलेली गोष्ट, ठरवतो. एकीकडून पश्चिमेची राहणी आणि दुसरीकडून हा परका कडवेपणा, अशा दोन्ही बाजूंनी मुले घरापासून तुटत आहेत. रूढी सोडून "शुद्ध धर्मा"कडे चला, असे सांगताना तुम्ही या दुसऱ्या दाराचा विचार केलेला दिसत नाही.

विद्यापीठातील एक विद्यार्थिनी :

चाचांचा दुसरा मुद्दा मला पटतो, पण दोघांच्याही लेखनात मुलगी आहे ती केवळ कोणीतरी निर्णय घ्यायची वस्तू म्हणून, हे खेदाने नोंदवते. मी शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेते आणि हिजाब घेते. माझी नानी साडी नेसायची आणि डोक्यावर पदर घ्यायची, अम्मी ओढणी घेते. हिजाब माझा स्वतःचा, वाचून-विचारून घेतलेला निर्णय आहे. घरात त्याला विरोध झाला, कारण मुलाखतीत अडचण येईल अशी भीती होती. बसमध्ये मात्र अनोळखी बाई सहानुभूतीने विचारते की घरचे फार कडक आहेत काय. मी स्वतः ठरवले असेल, ही शक्यताच कोणाच्या मनात येत नाही.

ज्याला आपण पाश्चात्त्य मोकळेपणा म्हणतो, त्यालाही मर्यादा आहेत. फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत हिजाबसकट ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. इथून तासाभराच्या अंतरावर, कर्नाटकात, 2022 मध्ये महाविद्यालयांच्या गणवेशावरून वर्गात हिजाबला मनाई झाली, त्या काळात निपाणीकडच्या माझ्या मावसबहिणी रोज घरी फोन करून उद्या जावे की नाही असे विचारत होत्या. पॅरिस असो की आपला मोहल्ला, मुलीने काय घालावे हे दुसराच कोणी ठरवतो.

आणि भावाचे काय? माझा भाऊ मध्यरात्री रंकाळ्यावरून परत येतो, शुक्रवार सोडून नमाज पढत नाही, आणि त्याच्या दीनाची काळजी कोणी चर्चेला घेत नाही. धर्माने नजर झुकवण्याची आज्ञा सूरह अन-नूरमध्ये आधी पुरुषांना दिली आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. या क्रमाने घरात बोलणे सुरू झाले, तर माझ्यासारखीला घरात काहीच लपवावे लागणार नाही.

उद्यमनगर :

विषय कपड्यांवर आणि लग्नावर अडकला आहे. माझी छोटी वर्कशॉप आहे. सीएनसी यंत्र (संगणकावर चालणारे धातुकामाचे यंत्र) कर्जाशिवाय येत नाही आणि कर्ज व्याजाशिवाय मिळत नाही. सूरह अल-बकरात व्यापार हलाल आणि व्याज हराम असे स्पष्ट शब्दांत आहे. इथे रूढी नावाची पळवाट नाही. बिनव्याजी पतपुरवठ्याची सोय माझ्यासारख्याला परवडेल अशी हाताशी नाही. मी कर्ज घेतले, हप्ते फेडतो आणि दर महिन्याला मनात सल राहते. राजारामपुरीकर म्हणतात तसे सगळे प्रश्न रूढीचे नाहीत; काही ठिकाणी खरा धर्म आणि आजचा व्यवहार समोरासमोर उभे आहेत, आणि तिथे मुलांना उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही.

राजारामपुरीकर :

उद्यमनगर यांचा आक्षेप वजनदार आहे. व्याजाबाबत माझे म्हणणे लागू पडत नाही, हे खरे. परंतु त्यांनी लिहिलेली शेवटची ओळच माझा आग्रह आहे : उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. ते कर्जाबद्दल मौलानांना मोकळेपणाने विचारू शकत नाहीत, कारण प्रश्न विचारणे हेच बेअदबी मानले जाते.

चाचा, परक्या वक्त्यांविषयीची आपली भीती मलाही आहे. मुले तिकडे वळतात, कारण घरात विचारण्याची सोय नाही. शाहू महाराजांनी 1906 मध्ये स्वतः अध्यक्ष होऊन मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, मुस्लिम बोर्डिंग उभे केले आणि कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही पैसा दिला. मुलांना शाळेत घालावे आणि त्यांनी आपला ग्रंथ आपल्या भाषेत वाचावा, या दोन्ही गोष्टी एकाच राजाने या शहरात एकत्र केल्या. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे गेली, आणि आपण अजून वाचणाऱ्या मुलीला घाबरतो. आपा, तुमचा आक्षेप योग्य आहे. मी त्या निकाहाची हकीकत सांगितली, परंतु त्या मुलीला काय हवे होते हे मलाही कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

माझी सूचना अगदी व्यवहारातली आहे. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात : शिक्षण पुढे चालू राहील, नोकरी करता येईल, ठरावीक परिस्थितीत तलाकचा अधिकार पत्नीकडे राहील. तफवीज म्हणून ही तरतूद फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, पूर्वीपासून आहे आणि भारतीय न्यायालयांनीही ती मानली आहे. निकाहाच्या आठवडाभर आधी, कॅमेरा आणि गर्दी नसताना, मुलीसमोर तो कागद वाचला जावा.

सदर बाजारचा रहिवासी :

बेटा, तुमची ही सूचना मी घरी वाचून दाखवली. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीचा निकाह करायचा आहे. मेहर तिला विचारून ठरेल, हातात रोख दिली जाईल आणि जहेजचा टेम्पो माझ्या दारातून निघणार नाही, हे मी इथे लिहून देतो. शिक्षणाची अट घालण्यालाही माझी हरकत नाही. तलाकचा अधिकार आधीच कागदावर मागणे मात्र मला अजून पटत नाही. घर मांडण्याच्या दिवशी मोडण्याची भाषा कशाला, असे मला वाटते. मुलीचे मत माझ्या उलट आहे आणि तिने ते सर्वांसमोर सांगितले. तिच्या अम्मीने तिची बाजू घेतली आहे. मौलानांना या रविवारी घरी बोलावले आहे.